कुठली टाकी?

खरं सांगा, "टाकी भरली का?" असं कुणी विचारलं तर तुमच्या डोळ्यांपुढे कुठली टाकी येते? घाई करू नका, नीट आठवा. दारात गाडी उभी असेल तर गाडीची येईल. चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि नळ सकाळी तासभरच चालत असेल, तर गच्चीवरची येईल. मग एका बाईच्या डोळ्यांपुढे पाण्याची टाकी आली, यात तिचं काय चुकलं? पण तेवढ्यावरून एक विमान पाडल्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटायला आलं होतं. अख्खं विमान. चाकं, पंखा, शेपटी, सगळ्यासकट.

ही बाई विमान शिकवणाऱ्या एका क्लबात बावीस वर्षं झाडलोट करत होती. तिला सगळे मावशी म्हणत. ऑफिसातल्या बाईला मावशी म्हटलं की फार सोय होते. नातं जोडल्यासारखं दिसतं आणि नाव विचारायचे कष्ट वाचतात. क्लबचा सेक्रेटरी साठीला टेकलेला, तोही मावशी म्हणायचा. ती जेमतेम पन्नाशीची. एकदा तिनं विचारलंच, "साहेब, मी तुमच्या आईची धाकटी बहीण ना? मग तुम्हाला शाळेत घालताना मी कुठे होते?" सेक्रेटरीनं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि फाइल उघडली. विनोद कळला नाही की हा गृहस्थ फाइल उघडत असे. दिवसाला चार-पाच फाइली सहज व्हायच्या.

क्लब म्हणजे तरी काय? एक धावपट्टी, विमानं ठेवायची एक पत्र्याची शेड, इंधनाची एक खोली आणि एक बसकं ऑफिस. ऑफिसला एकच खिडकी, हिरव्या रंगाची, वर सरकवून उघडायची. सरकवली की खाली काठीचा टेकू द्यायचा, नाहीतर ती धाडकन खाली यायची. विमानं तीन. त्यातली दोन उडायची. तिसऱ्याचे भाग काढून काढून त्या दोघांना लावत असल्यामुळे ते दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं.

मावशी सकाळी सातला हजर. आधी धावपट्टी. खडे, खिळे, तारेचे तुकडे, पक्ष्यांनी टाकलेली हाडं, जे दिसेल ते उचलायचं, कारण एक खडा उडून पंख्याला लागला की पंख्याला खाच पडते. हे तिला कॅप्टननंच शिकवलं होतं. त्याच कॅप्टनच्या शर्टाचं बटण तिला एकदा बरोब्बर धावपट्टीच्या मधोमध सापडलं. तिनं ते जपून ठेवलं आणि नवे विद्यार्थी जमल्यावर सगळ्यांसमोर त्याच्या हातावर ठेवलं. "घ्या साहेब. खाच पडली असती."

हा कॅप्टन म्हणजे क्लबचा शिकवणारा वैमानिक. माणूस वाईट नव्हता, पण जमिनीवर चालतानाही समोरच्यांनी पट्टी मोकळी करावी अशा थाटात चालायचा. काळा चष्मा तो ढगाळ दिवशीही काढत नसे. आणि कुठलीही गोष्ट जवळ जाऊन विचारायची नाही, लांबून ओरडायची, ही त्याची सवय. विमानात आवाज फार असतो म्हणून लागली असेल म्हणावं, तर तो घरी फोनवरही तसाच ओरडायचा.

धावपट्टीनंतर शेड, शेडनंतर दोन संडास, आणि मग टाकी. पाण्याची काळी टाकी ऑफिसच्या छपरावर होती. पंप सुरू करायचा, लोखंडी शिडीनं वर चढायचं, झाकण उघडायचं आणि आत काठी घालून बघायची. टाकीत आपोआप पाणी बंद करणारा चेंडू होता. एका वर्षी तो चेंडू अडकला, टाकी तासभर वाहिली आणि सेक्रेटरीच्या तेरा फाइलींचा लगदा झाला. तेव्हापासून मावशीचा चेंडूवरचा विश्वास उडाला. काठी आत घालायची, बाहेर काढायची, ओली खूण बघायची आणि मगच तोंडातून शब्द काढायचा, "भरली." बावीस वर्षांत तिची "भरली" एकदाही खोटी ठरली नव्हती. संडासात गेलेल्या माणसाला या शब्दाची किंमत विचारा.

काठीची ही अक्कल तिला कुणी दिली? कॅप्टननंच. विमानाच्या पंखात इंधनाची टाकी असते, आणि ती किती भरली हे बघायला एक हातभर काठी असते, आकडे कोरलेली. समोर काटा असतोच, पण काट्याचं खरं धरायचं नाही, उडण्याआधी पंखावर चढून काठी घालायची, असं कॅप्टन पहिल्या वर्षी नव्या पोरांना घसा फोडून सांगायचा. शेडचा कोपरा झाडता झाडता मावशीनं ते ऐकलं आणि तिला पटलं. तिनं बांबूची एक लांब काठी घेतली, खिळ्यानं तिच्यावर खुणा केल्या आणि आपल्या टाकीला लावली. पुढे असं झालं, की ऐकणारी काठी घालत राहिली आणि सांगणारा विसरला.

त्या सकाळी विमान शिकायला दातांचे डॉक्टर आले होते. वय बेचाळीस, पोट पुढे, उत्साह त्याहून पुढे. दहाला दवाखाना उघडायचा होता, म्हणून आठचं उड्डाण. इंधन भरणारा माणूस रजेवर होता, कारण आदल्या दिवशी त्याची अक्कलदाढ उपटली होती. उपटणारे डॉक्टर हेच. म्हणजे आपल्या विमानात इंधन भरणाऱ्या माणसाला आदल्याच दिवशी आडवं करून, ते आता त्याच विमानात बसायला निघाले होते.

मावशी छपरावर होती. पंप बंद केलेला, झाकण उघडं, काठी आत. काल संडासात पाणी गेलं म्हणून कॅप्टननं तिच्या नावानं क्लब डोक्यावर घेतला होता, त्यामुळे आज ती जरा जास्तच लक्ष देऊन खूण बघत होती. तेवढ्यात खालून, विमानाच्या दिशेनं झपझप जाणाऱ्या कॅप्टनची आरोळी आली. "टाकी भरली का?"

तिनं काठी बाहेर काढली. वरच्या खुणेपर्यंत ओली. "भरली!" तिनं वरून तितक्याच जोरात सांगितलं.

कॅप्टननं मागे न बघता हात हलवला. डॉक्टरांनीही हलवला, त्यांना वाटलं निरोप देतायत. दोघं आत बसले. पंखा फिरला, विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि सुसाट सुटलं.

मावशी झाकण लावता लावता थांबली. बावीस वर्षं झाली तरी विमानानं जमीन सोडली की ती थांबायचीच. चाकं सुटली, सावली वेगळी झाली, विमान कुंपणावरून गेलं. आणि खोकलं.

एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिला पंखा दिसला. पंखा फिरत असला की दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. पंखा दिसायला लागला म्हणजे काय, हे कळायला वैमानिक असावं लागत नाही. विमानानं नाक खाली घातलं आणि समोरच्या झाडांपलीकडे दिसेनासं झालं. नंतर जो आवाज आला तो तिच्या मते मोठं कपाट जिन्यावरून सोडल्यासारखा होता.

ती शिडीवरून कशी उतरली ते तिलाच माहीत नाही. आगीची घंटा बडवली, वाळूची बादली उचलली आणि जी धूम ठोकली ती थेट कुंपणाच्या भोकातून पलीकडे. वॉचमन तिच्यामागून धावत होता, पण त्याच्या हातात रजिस्टर होतं.

पलीकडे कोबीचं शेत होतं. विमानानं त्यात नांगरटीसारखी सरळ रेघ ओढली होती. रेघेच्या शेवटी ते नाक चिखलात खुपसून, शेपूट वर करून बसलं होतं. एक पंख दुमडलेला. धूर नाही, आग नाही. आग लागायला आत काही असावं लागतं. कॅप्टन बाहेर पडून दोन कोबींच्या मधे बसला होता, काळा चष्मा एका कानावर लोंबत होता आणि पँट मागून टरकली होती. डॉक्टर अजून पट्ट्यातच अडकून होते, तोंडावर हात धरून. मावशीनं पट्टा सोडवला, त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं.

"कुठे लागलं, डॉक्टर?"

"दात," डॉक्टर म्हणाले, आणि हात बाजूला केला. पुढचा एक दात गायब होता. "माझा! माझा थ्वतःचा!"

तेवढ्यात शेताची मालकीण विळा घेऊनच आली. आधी तिनं दोन्ही माणसं जिवंत आहेत याची खात्री केली, मग आपल्या कोबीकडे बघितलं आणि मग तोंड उघडलं. "एवढं मोठं आभाळ मोकळं होतं, मेल्यांनो! उतरायला माझाच कोबी सापडला?"

कॅप्टनला आता बोलणं भाग होतं. इतकी माणसं जमलेली, विद्यार्थ्याचा दात पडलेला, मागून वारा लागत असलेला. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर वाळूची बादली धरून उभ्या असलेल्या बाईवर थांबली.

"मावशी! टाकी भरली म्हणालीस ना तू?"

"भरलीच आहे," मावशी म्हणाली. "वर चढून हात बुडवून बघा."

तिला त्या वेळी कळलंच नाही की तिच्याविरुद्धचा खटला उभा राहिलाय.

कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. सेक्रेटरीनं ऑफिसात बोलावलं. खुर्चीवर तो, शेजारी कॅप्टन उशी घेऊन बसलेला. टेबलावर टाइप केलेला कागद.

"उद्या चौकशीचे साहेब येणार आहेत," सेक्रेटरी म्हणाला. "रीतीचा कागद आहे. इथे सही कर."

"काय लिहिलंय?"

"हेच की कॅप्टनसाहेबांनी विचारलं आणि तू टाकी भरली म्हणून सांगितलंस. सांगितलंस की नाही?"

"सांगितलं."

"मग झालं तर."

कॅप्टन खिडकीबाहेर बघत होता. मावशीनं कागद उचलला. तिला वाचता येतं हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेलेली, तिथली अक्षरं कधीच पुसली गेली होती. पण क्लबातल्या पाट्या तर तिलाच पुसायच्या होत्या ना! बावीस वर्षं रोज ओलं फडकं फिरवता फिरवता तिनं एकेक अक्षर पुन्हा पकडलं होतं. संडासाच्या दारावरून "पुरुष", शेडवरून "प्रवेश बंद", आणि इंधनाच्या खोलीच्या दारावरच्या लाल पाटीवरून "इंधन, धूम्रपान करू नये". "धूम्रपान" तिला अजून जड जायचं. पण "इंधन" तिच्या फडक्याखालून सहा-सात हजार वेळा गेलेलं होतं. तो शब्द तिला लांबून, तिरका, उलटा धरला तरी ओळखू आला असता.

तो त्या कागदावर होता. तिसऱ्या ओळीत. "इंधन टाकी भरली असल्याचे मी त्यांस सांगितले."

पाण्याच्या टाकीला मागून येऊन कुणी हा शब्द चिकटवला होता. खाली सही झाली की विमान तिनं पाडलं. मग बावीस वर्षांची चाकरी एका दुपारी संपणार, आणि तीही कशावरून, तर टाकीबद्दल खोटं बोलली म्हणून! चोरी केली म्हणाले असते तरी इतकं लागलं नसतं.

"उद्या करते सही," ती म्हणाली. "चष्मा घरी राहिलाय."

"तुला कधीपासून चष्मा?"

"नवऱ्याचा आहे. मधूनमधून मी लावते."

सेक्रेटरीनं फाइल उघडली. मग आठवण होऊन म्हणाला, "आणि हे बघ, साहेबांसमोर जास्त तोंड चालवायचं नाही. विचारतील तेवढंच बोलायचं. ऐकलंस? विचारतील तेवढंच."

"विचारतील तेवढंच," मावशी म्हणाली. कागद घडी करून कमरेला खोचला. दारातून वळताना तिनं एकदा खिडकीकडे बघितलं आणि का कोण जाणे, जाताना तिच्या पायांत जरा जोर आला.

घरी नवरा शिलाई मशीनवर होता. तो शिंपी. घर म्हणजे एक खोली आणि आत स्वयंपाकाची चिंचोळी जागा. खिडकीजवळचा उजेड मशीनचा, उरलेला बाकीच्यांचा. पलंगावर थोरली नणंद मटार सोलत बसलेली. मशीनवर ओळखीची खाकी पँट.

"अहो, ही कुणाची?"

"तुमच्या कॅप्टनची. वॉचमन देऊन गेला," नवरा म्हणाला. "मागून वीतभर फाटलीय. शिवणीत कोबीचं पान निघालं."

"वहिनी," नणंद मटारातून मान वर न करता म्हणाली, "शेजारच्या विचारत होत्या, तुमच्या भावजयीनं विमान पाडलं म्हणे. मी म्हटलं, छे हो! तिला साधं दूध उतू जाताना अडवता येत नाही, ती कुठलं विमान पाडतेय!"

"वन्सं, तुमच्या तोंडात साखर पडो. हेच उद्या साहेबांना येऊन सांगाल का?"

मग तिनं कागद काढला आणि नवऱ्यापुढे धरला. त्यानं ओठ हलवत तो वाचला. मशीनचं चाक थांबलं.

"अगं, यावर सही केलीस तर घरी बसवतील."

"आणि नाही केली तर आडमुठी म्हणून घरी बसवतील."

"मग करायचं काय?"

नणंदेनं मटार बाजूला ठेवले. टोमणे मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण घरावर बाहेरचं कुणी आलं की ती आधी उंबऱ्यावर उभी राहायची. "सही करायची नाही," ती म्हणाली. "बावीस वर्षं हिचे केस सकाळी सातला विंचरलेले असतात ते कुणासाठी? त्या मेल्यांच्या संडासांसाठी. आणि आता हिच्या नावावर विमान? पँट शिवू नकोस रे तू. फिरू दे तसाच."

"पँट शिवा," मावशी म्हणाली. "चांगली शिवा. उद्या त्यांना बराच वेळ उभं राहायचंय." आणि तिला हसू फुटलं. नवरा आणि नणंद एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, धक्क्यानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. बारीक अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. दर दोन प्रश्नांनंतर रुमालानं मान पुसायचा. ऑफिसातला पंखा तेव्हाच बंद पडला, म्हणून त्यांनी आपली खुर्ची खिडकीखाली ओढून घेतली. समोर कॅप्टन, डॉक्टर आणि सेक्रेटरी. मावशी दाराशी उभी. कमरेला खोचून नेलेला कागद तिनं सकाळीच टेबलावर परत आणून ठेवला होता.

"उडण्यापूर्वी इंधन तपासलं होतं?" साहेबांनी कॅप्टनला विचारलं.

"अर्थातच, सर. स्वतः पंखावर चढून, काठी घालून. मी विद्यार्थ्यांना पहिला धडाच तो देतो."

"काठीवर किती दिसलं?"

"भरपूर, सर."

"मग टाकी भरली का, असं मावशींना का विचारलंत?"

कॅप्टननं घसा साफ केला. "खबरदारी म्हणून, सर. दुहेरी खात्री."

"विमानात थेंबभर इंधन निघालं नाही. ती काठी कुठाय?"

"आपटल्यावर बाहेर उडाली असणार, सर. कोबीत दोन दिवस शोधतोय. ती बाई शेतात शिरू देत नाही."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं, मान पुसली आणि दाराकडे बघितलं. "बाई, तुम्ही या पुढे. बसा."

बावीस वर्षांत त्या ऑफिसात तिला कुणी "तुम्ही" म्हटलं नव्हतं, आणि "बसा" तर अजिबातच नाही. तिनं खुर्ची बघितली, पदराचं टोक तिच्यावरून फिरवलं आणि मग बसली. सवय.

"विमानाबद्दल काही माहिती आहे? कधी विमानात बसलात?"

"बसले ना. आतून झाडायला."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "हा तुमचा जबाब. यावर सही नाही."

"नाही. त्यात एक शब्द माझा नाही. तिसऱ्या ओळीत आहे बघा. 'इंधन'. मी पाण्याच्या टाकीवर उभी होते, हातात पाण्याची काठी होती, मी पाण्याचं सांगितलं. तो शब्द मी बोललेच नाही."

सेक्रेटरीचा चेहरा उतरला. हिला वाचता येतं, हे त्याच्या कुठल्याच फाइलीत नव्हतं. तो घाईघाईनं म्हणाला, "सर, टाइप करताना आलं असेल. एकच तर शब्द आहे."

"मग काढा की, साहेब," मावशी म्हणाली. "एकच आहे तर."

दातांच्या डॉक्टरांना तेवढ्यात हसू आलं, आणि दाताच्या फटीतून त्याची शिटी वाजली.

"बाई," साहेब म्हणाले, "विमानात इंधन किती आहे, हे तुम्हाला ओळखता येतं का?"

"काठी घातली तर येईल. माझी काठी त्यांच्याच काठीवरून केलीय. पण विमानाची काठी माझ्याकडे नसते."

"मग ती कुठे असते? माहीत आहे तुम्हाला?"

मावशी सेक्रेटरीकडे वळली. तिचा चेहरा इतका सोज्वळ होता की ओळखणाऱ्यानं तेव्हाच खोली सोडली असती.

"सांगू का, साहेब? विचारलंय त्यांनी."

सेक्रेटरीनं फाइल उघडली.

"चौकशीचे साहेब, तुम्ही जरा खुर्ची पुढे घ्या," मावशी म्हणाली. साहेबांनी खुर्ची पुढे घेतली. ती उठली, त्यांच्या मागे गेली आणि खिडकीखालचा टेकू खसकन ओढला. खिडकी धाडकन खाली आली. कॅप्टन खुर्चीतल्या खुर्चीत उडाला, डॉक्टरांनी उरलेल्या दातांवर हात धरला. मावशीनं काठी साहेबांसमोर टेबलावर ठेवली.

हातभर लांब. एका बाजूनं आकडे कोरलेले. आणि अर्धी हिरवीगार.

"ही हिरवी का?" साहेबांनी विचारलं. आता ते मान पुसायचं विसरले होते.

"मागच्या वर्षी खिडकीला रंग दिला ना, त्या वेळची. रंगारी आळशी होता. टेकू न काढता त्याच्यावरूनच ब्रश फिरवला. मी तेव्हाच सेक्रेटरीसाहेबांना म्हटलं होतं, अहो, ही विमानाची काठी आहे. ते म्हणाले, तू झाडू मार. मी मारला. रोज पुसते तिला, बघा, आकड्यांत धूळ नाही."

साहेबांनी काठी उचलली, डोळ्यांजवळ नेली, रंगावरून नख फिरवलं. मग शांतपणे कॅप्टनकडे बघितलं. "म्हणजे गेलं वर्षभर तुम्ही पंखावर चढून नेमकं काय घालत होतात, कॅप्टन?"

कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. ती टाकी मात्र त्या दिवशी रिकामी होती, यात वाद नाही.

"थर, मी थांगतो," डॉक्टर उठून उभे राहिले. "त्या थकाळी हे पंखावर चढलेच नाहीत. मला वाटलं, चढायची पद्धत परीक्षेपुरती अथेल."

"बसा, डॉक्टर," साहेब म्हणाले. "कॅप्टन, तुम्ही उभे राहा."

आणि कॅप्टन उभा राहिला. तासभर. पँटची शिवण कुठेही उसवली नाही. शिंप्याचं काम चोख होतं.

अहवाल आला. त्यात मावशीच्या टाकीबद्दल एक ओळ होती, "पाण्याची टाकी भरलेली आढळली." तिनं ती वॉचमनकडून तीनदा वाचून घेतली आणि चौथ्यांदा स्वतः वाचली. कॅप्टनचं उडणं सहा महिने बंद झालं. जमिनीवर करायला त्याला दुसरं काम नव्हतं, म्हणून सेक्रेटरीनं त्याला ऑफिसात बसवलं. खिडकीला आता टेकू नव्हता. काठी विमानात परत गेली होती, अर्धी हिरवीच. उकाडा झाला की कॅप्टन उठायचा, खिडकी वर सरकवायचा आणि एका हातानं धरून उभा राहायचा. मावशी त्याच्या पायांखालून झाडू मारायची. "जरा पाय उचला, साहेब. खाच पडेल." चार दिवस तिनं मजा बघितली आणि पाचव्या दिवशी आपणहून एक वीट आणून दिली. तेवढी माणुसकी तिच्यात होती.

डॉक्टरांनी स्वतःला नवा दात बसवला आणि मावशीला म्हणाले, "तुम्हाला कधीही दातांचं काही लागलं तर माझ्याकडे या." ती म्हणाली, "माझे सगळे जागेवर आहेत, डॉक्टर. मी खाली होते ना."

सहा महिन्यांनी कॅप्टन पुन्हा विमानाकडे निघाला, तेव्हा ती छपरावरच होती. तो थांबला. लांबून ओरडला नाही. शिडीखाली आला, चष्मा काढला आणि वर बघून म्हणाला, "मावशी, पाण्याची टाकी भरली का?"

"पाण्याची भरली," ती म्हणाली. "तुमची तुम्ही बघा."

तो गेला, पंखावर चढला, हिरवी काठी आत घातली आणि बाहेर काढून उजेडात धरली. तिला दिसावी म्हणून जरा जास्तच उंच धरली.

आता तुमच्याकडे वळू. तुमच्याही ऑफिसात, शाळेत, सोसायटीत एक मावशी असेल. उद्या तिच्यापुढे कागद सरकवून "इथे सही कर" म्हणाल, तेव्हा तिला आधी खुर्ची द्या, तो कागद मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवा, आणि ती म्हणाली की यातला एक शब्द माझा नाही, तर वाद न घालता तिच्यासमोर तो खोडा.